विटी कुठे पडली?

खेळाचे नियम कोणते, हे नियमपुस्तिकेत सापडते. त्यांपैकी कोणते नियम नेमाने मोडले जातात, हे मात्र मैदानावर गेल्याखेरीज कळत नाही. खेळणाऱ्या माणसांविषयी, त्यांच्या गावाविषयी आणि त्यांच्या परस्परसंबंधांविषयी जे जाणून घ्यावेसे वाटते ते बहुधा या दुसऱ्या, कुठेही न छापलेल्या यादीत दडलेले असते. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एकाचा जन्म शाहूवाडी तालुक्यातला, दुसऱ्याची उमेदीची वर्षे याच तालुक्याच्या रस्त्यांवर एस.टी.च्या खिडकीशी गेलेली. क्रीडाशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या न छापलेल्या यादीविषयी चार शब्द लिहावेत असे वाटू लागले, त्याला कारण झाले एक पत्र.

आमचा एक माजी विद्यार्थी सध्या अमेरिकेत नोकरीस आहे. तिथे सुटीच्या दिवशी तो ‘डिस्क गोल्फ’ नावाचा खेळ खेळतो. हातात प्लॅस्टिकची चकती. दूर एका खांबावर साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. चकती फेकायची, ती जिथे पडेल तिथे चालत जायचे, तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. एड हेड्रिक या गृहस्थांनी १९७६ साली या खेळाची ‘प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली आणि आज तिची नियमावली चांगली तपशीलवार आहे. चकती पडली त्या जागेच्या मागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब असा एक अदृश्य आयत कल्पायचा व फेकताना शरीराचा एक तरी आधार त्या आयतात टेकलेला हवा. टोपलीपासून १० मीटरांच्या आत असताना फेक झाल्यावर तोल सावरल्याचे दाखवल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाही. पाळी आल्यावर ३० सेकंदांत फेकायचे. वाटेत आलेली झाडाची फांदी मोडून किंवा वाकवून स्वतःसाठी वाट करायची नाही. गुणपत्रिकेवर चुकीचा आकडा दिला तर दोन फेकींचा दंड.

विद्यार्थ्याने पुढे लिहिले होते, ‘सर, हे सगळे नियम इथे रोज मोडतात. आणि गंमत म्हणजे खेळताना पंच नसतो. बरोबर खेळणाऱ्यांनीच एकमेकांची चूक पुकारायची असते. पण पुकारत कोणीच नाही. मला आपल्याकडच्या विटीदांडूची आठवण झाली.’

त्याची आठवण अचूक होती. दोन्ही खेळांत काहीतरी लांब उडते, ते जिथे पडते ती जागा महत्त्वाची ठरते, पुढचा सारा हिशेब त्या जागेवरून मांडला जातो आणि ती जागा खरोखर कोणती हे सांगायला तिथे खेळणाऱ्यांशिवाय कोणी नसते. ‘विटी कुठे पडली?’ हा प्रश्न भूगोलाचा दिसतो. वस्तुतः तो साक्षीचा आहे.

शहरी वाचकांसाठी खेळाची थोडी ओळख करून द्यायला हवी. शाहूवाडी तालुका सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरचा. मलकापूरच्या बाजारपेठेतून पश्चिमेला आंबा घाटाकडे अथवा विशाळगडाकडे निघाले की भाताची खाचरे, मध्येच जांभ्याचे सडे आणि कडेला करवंदीच्या जाळ्या. इथला पाऊस इतका की पावसाळ्यात मोकळ्यावरचा कोणताही खेळ संभवत नाही. दिवाळीच्या सुमारास भात निघाले, खाचरे कोरडी पडली की मगच मुलांना मैदान मिळते. जमिनीत एक लांबट खळगा, तो गल. गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलायची. समोरच्यांनी ती झेलली तर कोलणारा बाद. झेल चुकला तर विटी पडली तिथून ती उचलून गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूवर नेम धरून फेकायची. दांडूला लागली तरीही बाद. नेम चुकला तर मात्र विटीच्या टोकावर दांडू मारून ती हवेत उडवायची आणि टोला हाणायचा. मग गलीपासून विटीपर्यंतचे अंतर दांडूच्या मापाने मोजायचे. तपशिलात गावोगावी फरक आहेत, पण सांगाडा हाच.

या मोजण्याची भाषाही लक्षणीय आहे. वकट, लेंड, मूंड, नाल अशी ती गणती अनेक वाचकांच्या कानांवरून गेली असेल. एकाच्या जागी वकट, दोनाच्या जागी लेंड. तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे शब्द शेजारी ठेवले की नाते आपोआप दिसते. नालाच्या पुढचे शब्द गावागणिक बदलत जातात. शेजारच्या कन्नड मुलखात हा खेळ ‘चिन्नीदांडू’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे खेळ आणि त्याचे अंक कोणत्याही कागदाच्या आधाराशिवाय, केवळ पोरांच्या तोंडून, भाषांच्या सीमा ओलांडून आले. शाळेतले पाढे विसरणाऱ्या मुलांनी एका परक्या भाषेचे अंक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. लेखी नियम नसलेल्या खेळात नियम नसतात हा समज त्यामुळे टिकत नाही. नियम असतात, आणि ते चिवट असतात.

आता ते मोडतात कसे, ते पाहू. सर्वांत साधा प्रकार पावलाचा. विटी पडली त्या जागेवरून फेकायची असते. फेकणारा मात्र विटी उचलता उचलता दोन पावले गलीकडे सरकतो. अमेरिकेतल्या त्या अदृश्य आयताबाहेर पडणारा पाय आणि खाचरातला हा अनवाणी पाय एकाच कुळातले. दुसरा प्रकार गलीचा. कोलणारा दांडूच्या टोकाने गलीची पुढली कड हळूच खरवडतो, म्हणजे विटी उंच न जाता लांब जाते. तिसरा प्रकार मोजणीचा. दांडू सरळ रेषेत टाकण्याऐवजी किंचित तिरपा टाकायचा, किंवा आधीच्या टोकावर दोन बोटे मागे ठेवायचा. दहा-वीस दांडूंत एक-दोन दांडू हवेतून निर्माण होतात. चौथा प्रकार विटीलाच हात, नव्हे पाय, लावण्याचा. विटी धसकटांत किंवा जाळीत पडली आणि पाहणारे दूर असले की अंगठ्याने तिला हलकेच ढकलायचे. आणि पाचवा, सर्वांत मोठा अपराध म्हणजे आपला डाव खेळून झाला, राज्य घ्यायची वेळ आली की ‘आई हाक मारतेय’ म्हणून घरी पळणे. पहिल्या चारांना मुले लबाडी म्हणतात. पाचव्यासाठी ‘रडीचा डाव’ हा खास शब्दप्रयोग भाषेने राखून ठेवला आहे, यावरून त्याची इयत्ता ध्यानात यावी.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. ‘कच्चा लिंबू’ किंवा ‘लिंबूटिंबू’ ही संस्था आपल्या सगळ्या खेळांत आहे. धाकट्या भावंडाला खेळात घेतले जाते, पण ते बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. इथे नियम उघडउघड मोडला जातो आणि कोणाचीही तक्रार नसते. कारण मोडण्यापूर्वी ते मोठ्याने जाहीर केलेले असते. सर्वांची संमती असते. म्हणून नियम मोडणे हीच मुळात वाईट गोष्ट, असे आम्ही म्हणणार नाही. सर्वांदेखत मोडलेला नियम हा बहुतेकदा नवा नियम असतो. प्रश्न येतो तो न बोलता मोडलेल्या नियमाचा.

आणि इथेच आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे ठरते. पंच नसलेल्या खेळात पावलाचा, वेळेचा, मोजणीचा असे नियम असतातच. त्या सर्वांच्या बुडाशी आणखी एक नियम असतो. ज्याने पाहिले त्याने बोलायचे. बाकीचे सगळे नियम या एका नियमाच्या जिवावर जगतात. आमच्या समजुतीप्रमाणे पंच नसलेल्या कोणत्याही खेळात सर्वांत जास्त वेळा मोडला जाणारा नियम हाच आहे. पाऊल सरकवणारा एकटा असतो; ते पाहून गप्प बसणारे चौघे असतात. हिशेब मांडलाच तर चौघांचा नियमभंग मोठा भरेल.

विटीदांडूत या बोलण्याला एक सुंदर रूप दिलेले आढळते. पुष्कळ ठिकाणी टोला मारल्यावर अंतर लगेच मोजत नाहीत. टोला मारणारा अंदाजाने आकडा मागतो, ‘चाळीस!’ समोरच्यांना तो मान्य असेल तर चाळीस त्याच्या नावावर चढतात. मान्य नसेल तर ते ‘मोज’ म्हणतात. मोजणीत चाळीस भरले नाहीत तर मागणारा बाद. म्हणजे मागण्यात संयम हवा आणि ‘मोज’ म्हणण्यात धीटपणा हवा. एक शब्द मागणाऱ्याचा, एक शब्द ऐकणाऱ्याचा. सारा न्याय या दोन शब्दांत उभा. दुसरा शब्द उच्चारलाच गेला नाही तर पहिला शब्द वाढत वाढत कुठवर जाईल, ते सांगायला नको.

हा दुसरा शब्द का उच्चारला जात नाही? साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर प्रेमचंदांच्या ‘गुल्ली-डंडा’ या कथेत मिळते. कथेचा निवेदक लहानपणी गयाबरोबर हा खेळ खेळलेला. तेव्हा आपला डाव न देता पळू पाहणाऱ्या निवेदकाला गयाने सोडले नव्हते; आदल्या दिवशी खाऊ घातलेल्या पेरूचा दाखलाही त्याने जुमानला नव्हता. पुढे निवेदक इंजिनिअर होऊन त्याच गावी येतो. गया आता एका साहेबाकडे घोड्यांची निगा राखतो. दोघे पुन्हा खेळतात. निवेदक एकामागून एक सगळे नियम मोडतो, गुल्ली दांड्याला लागलेली असताना लागली नाही म्हणतो आणि गया प्रत्येक वेळी मान डोलावतो. निवेदकाला वाटते, गयाचा हात गेला. दुसऱ्या दिवशी तो गयाला त्याच्या बरोबरीच्या गड्यांत खेळताना पाहतो. तिथे गयाचा टोला तोच जुना आहे, आणि एका तरुणाने लबाडी केल्यावर गया असा खवळतो की तो तरुण वरमतो. निवेदकाला उलगडते की काल गया खेळलाच नव्हता, त्याने खेळवले होते.

ही कथा बहुधा मैत्री आणि प्रतिष्ठा यांच्यातल्या दरीची म्हणून शिकवली जाते, आणि ते खरेच आहे. आम्हाला ती न पुकारलेल्या नियमाची कथाही वाटते. गयाला नियम ठाऊक आहेत, डोळे शाबूत आहेत, आवाजही आहे. बरोबरीच्यांपाशी तो आवाज चढतोसुद्धा. निवेदकापाशी तो गप्प राहतो, कारण तिथे बरोबरी उरलेली नाही. पंच नसलेल्या खेळाची पहिली अट चोख नियमावली ही नसून खेळणाऱ्यांची बरोबरी ही आहे, हे प्रेमचंदांनी सिद्धांताची भाषा न वापरता सांगून टाकले.

आमच्या भागात या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मलकापूर हे विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठिकाण होते. जहागिरी गेल्या, परंतु कोणासमोर किती आवाज काढायचा याचे माप गावांच्या अंगवळणी पडून राहिले. त्या मापाला मराठीत ‘भीड’ असा नेमका शब्द आहे. भीड ही भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. बोलायला धजत नाही तो अखेरीस मागायला लागतो, असा तिचा अर्थ आम्ही लावतो. ‘भीड’ आणि ‘भिडू’ हे शब्द कानाला जवळचे लागतात. व्युत्पत्तीचा दावा आम्ही करत नाही, पण मैदानावर या दोहोंचे पटत नाही एवढे खरे.

याचा एक प्रसंग आमच्या पाहण्यात आला. एका महाविद्यालयात पारंपरिक खेळांच्या सप्ताहात विटीदांडूचा सामना होता. अखेरचा टोला लांब गेला. विटीवर लक्ष ठेवायला टोला मारणाऱ्या बाजूचे दोन भिडू पुढे उभे होते. एक घाटमाथ्यावरच्या वाडीतून येणारा, दुसरा ज्याच्या घरच्या जीपमधून सगळा संघ मैदानावर आला होता तो. टोला मारणाऱ्याने साठ मागितले. समोरचे म्हणाले, ‘मोज.’ मोजणी एकसष्टावर संपली आणि जल्लोष सुरू झाला. तेवढ्यात वाडीवरचा मुलगा पुढे येऊन हळू आवाजात म्हणाला, ‘विटी हितं न्हवती सर, तितं हुती.’ त्याने चार-पाच पावले मागची जागा दाखवली. जीपवाल्याने अंगठ्याने विटी ढकलली होती. फेरमोजणीत सत्तावन्न भरले. मागणी साठांची, म्हणून मागणारा बाद, सामना गेला.

पुढे काय झाले ते सांगितले नाही तर हा प्रसंग बोधकथेसारखा वाटेल. त्या दिवशी तो मुलगा जीपमधून परतला नाही, एस.टी.ने गेला. पुढल्या वर्षी त्याच्या वर्गाने त्याला संघात घेतले नाही. मात्र सामने सुरू झाले तेव्हा दोन्ही संघांनी मोजायला त्यालाच बोलावले, आणि त्याने मोजलेला आकडा कोणी अमान्य केला नाही. मोजायला तो सर्वांना हवा होता, खेळायला कोणालाच नको होता. प्रामाणिकपणाला आपल्याकडे मान मिळत नाही, ही तक्रार तितकीशी खरी नाही. मान मिळतो, पण तो देताना त्या माणसाला आपण मैदानाबाहेर नेऊन उभे करतो.

यावर उपाय म्हणून पंच नेमावा, असे कोणी सुचवील. तोही अनुभव महाराष्ट्राला आहे. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली प्रथम शिस्तीत मांडले. मग मैदानाची मापे ठरली, पंच आले, वेळाधिकारी आले. त्याच वाटेने जात तो खेळ जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकापर्यंत पोहोचला आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला. हे यश लहान नाही, आणि लेखी नियमांशिवाय ते अशक्य होते. परंतु पंच आल्यावर एक सूक्ष्म बदलही होतो. स्पर्शाआधीच ‘खो’ उच्चारणे, मधली पाटी ओलांडणे, धावताना दिशा बदलणे हे खो-खोतले नित्याचे नियमभंग. पंच नसताना खेळाडूच्या मनात प्रश्न असतो, ‘मी पाटी ओलांडली का?’ पंच आल्यावर प्रश्न होतो, ‘पंचाने पाहिले का?’ बोलण्याची जबाबदारी एका माणसाच्या शिट्टीत गोळा होते आणि उरलेले सगळे जण निर्धास्तपणे गप्प बसू शकतात.

शिवाय काही खेळ असे आहेत की त्यांना पंच नेमताच येत नाही. समीक्षा हा तसा खेळ आहे. लेखक मागतो, ‘चाळीस!’ म्हणजे ‘माझी कादंबरी चाळीस दांडू लांब गेली आहे.’ समीक्षकाने एक तर ते मान्य करायचे किंवा ‘मोज’ म्हणायचे. मराठीचे साहित्यविश्व आकाराने एखाद्या तालुक्याएवढेच आहे. ज्याच्या पुस्तकाविषयी लिहायचे तो उद्या चर्चासत्रात शेजारच्या खुर्चीवर असतो, परवा निवड समितीवर असतो, तेरवा आपल्याच विद्यार्थ्याचा परीक्षक असतो. त्यामुळे परिचय लिहिले जातात, प्रस्तावना लिहिल्या जातात, गौरवग्रंथ निघतात. दांडू मात्र जमिनीला टेकत नाही. सगळे आकडे मान्य होत जातात, आणि सगळेच आकडे मान्य होतात तेव्हा खरोखर लांब गेलेल्या टोल्याचीही किंमत राहत नाही. न मोजल्याने नुकसान होते ते लबाडाचे नव्हे, चांगला टोला मारणाऱ्याचे. ज्या तरुण लेखकाची विटी खरेच साठ दांडूंवर पडली आहे, त्याला ते सांगणारे कोणी उरत नाही. साठ मागणारे पन्नास जण आणि ‘हो’ म्हणणारे शंभर असे ते मैदान असते.

असो. ‘गुल्ली-डंडा’ वर्गात वाचून झाल्यावर आम्ही एक प्रश्न विचारतो: गयाने का पुकारले नाही? उत्तरे साधारण ठरलेली असतात. मित्राचे मन राखायचे होते, पाहुण्याचा मान होता, साहेबाची भीती होती. गेल्या खेपेस मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘पुकारलं असतं तर त्यांनी मोजायला लावलं असतं का, सर?’ वर्गात कोणी हसले नाही. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून दुसरा कोणताही मुद्दा आम्हाला फळ्यावर लिहावासा वाटला नाही. आम्ही तिचा प्रश्नच लिहिला आणि तास संपल्यावर तो पुसला नाही.